उद्ध्वस्त जगातील वाटा आणि विद्या

बालरोगतज्ज्ञाने संगणकीय खेळांविषयी लेख लिहिला, म्हणजे त्यात ‘हे खेळ मुलांच्या हातून काढून घ्या’ यापलीकडे काही नसणार, असा वाचकांचा समज होणे स्वाभाविक आहे. गेली पंचवीस वर्षे मी पालकांना जवळपास तेच सांगत आलो आहे. त्या सल्ल्यात फेरफार करण्याचा माझा विचार नाही, हे आरंभीच नमूद करतो. तथापि अशाच एका खेळाने मला आपल्या व्यवसायातील एका गंभीर प्रश्नाकडे पाहावयास लावले. तो प्रश्न मंडळाच्या सभासदांपुढे आणि आपल्या समाजातील सुज्ञ वाचकांपुढे ठेवावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

निमित्त घरगुती होते. अभियांत्रिकी शिकणारा माझा मुलगा सुटीत इंदूरला आला होता. रात्री एक वाजता त्याच्या खोलीत दिवा दिसला, म्हणून रागावण्याच्या तयारीने मी आत गेलो. तो त्याच्या जन्माच्याही आधीचा, १९९७ सालचा एक खेळ खेळत होता. पडद्यावर गोळीबार नव्हता. तुटक्या भिंतींचे गाव, त्याखालचे गटार, आणि त्या गटारात सुटे भाग शोधत फिरणारे एक पात्र, एवढेच दिसत होते. मी विचारले, “हे काय चालले आहे?” तो म्हणाला, “बाबा, पंप दुरुस्त करतोय. पंप दुरुस्त न करता इथली चिप उचलून नेली, तर गावातली सगळी माणसं तहानेनं मरतील.” मी रागावण्याचे विसरून खुर्ची ओढली.

खेळाची पूर्वपीठिका

या खेळाचे नाव ‘फॉलआउट’. अणुस्फोटानंतर आकाशातून हळूहळू खाली बसणारी किरणोत्सारी धूळ, असा त्या शब्दाचा अर्थ आहे. इंटरप्ले या अमेरिकन कंपनीने १९९७ मध्ये पहिला भाग काढला व १९९८ मध्ये दुसरा. पुढे ‘फॉलआउट ३’ (२००८), ‘न्यू व्हेगास’ (२०१०), ‘फॉलआउट ४’ (२०१५) असे भाग निघत गेले आणि २०२४ मध्ये या कल्पित जगावर दूरदर्शन मालिकाही आली.

कथानकानुसार खनिज तेल व इतर साधनसंपत्ती संपत आल्यामुळे राष्ट्राराष्ट्रांत युद्धे जुंपतात आणि २३ ऑक्टोबर २०७७ रोजी अवघ्या दोन तासांच्या अणुयुद्धात जग बेचिराख होते. मोजकी माणसे जमिनीखालच्या प्रचंड बंदिस्त निवाऱ्यांत तगून राहतात. त्यांना ‘व्हॉल्ट’ म्हणतात. कित्येक दशकांनी त्यांचे वंशज बाहेर येतात, तेव्हा भोवती अमेरिकेचे अवशेष असतात: कॅलिफोर्नियाचे वाळवंट, लॉस एंजेलिसचे सांगाडे, वॉशिंग्टनची पडझड झालेली स्मारके. हे जग १९५० च्या दशकातील अमेरिकेने रंगवलेल्या भविष्यकाळासारखे दिसते. गोल कडांच्या मोटारी, व्हॉल्व्हवर चालणारी अवजड यंत्रे आणि घरोघरी अणुशक्ती. त्या आशावादी चित्राचीच येथे राख झालेली आहे.

खेळात मारामारी पुष्कळ आहे. माझे लक्ष मात्र दोन गोष्टींनी वेधून घेतले. या जगात माणसे एका गावाहून दुसऱ्या गावी कशी जातात? आणि जुन्या यंत्रांचे ज्ञान कोणाजवळ उरले आहे? खेळत्या मुलाशेजारी बसून काही रात्री काढल्यावर हे दोन प्रश्न फारसे वेगळे नाहीत, असे मला वाटू लागले.

चाकांविना जग

या जगातील रस्त्यांवर मोटारींची वाण नाही. हजारो मोटारी गंजत उभ्या आहेत. तेल संपल्यामुळे शेवटच्या काळातील मोटारी अणुशक्तीवर चालत असत. आता त्या चालत नाहीतच. उलट नंतरच्या भागांत त्यांवर गोळी लागली की त्यांचा लहानसा अणुस्फोट होतो. रस्ते आहेत, पूल अर्धे उभे आहेत, बोगदे आहेत. परंतु माणूस पायी चालतो.

व्यापार चालतो तो तांड्यांवर. पहिल्या भागात ‘हब’ नावाचे व्यापारी शहर आहे. तेथून निरनिराळ्या पेढ्यांचे तांडे गावोगाव जातात. त्यांतील एक पेढी केवळ पाण्याचा व्यापार करते. शीतपेयांच्या बाटल्यांची बुचे हे चलन, आणि त्या चलनाला आधार हबच्या व्यापाऱ्यांनी देऊ केलेल्या पाण्याचा. नाण्यामागे सोने असावे, त्याऐवजी येथे पाणी आहे. तिसऱ्या भागातील वॉशिंग्टनच्या परिसरात चार फिरते व्यापारी गावांना जोडतात. त्यांपैकी एक, डॉक हॉफ, औषधे आणि अन्न विकतो. वाटेत डाकूंनी त्याला गाठले, तर तो परत येत नाही.

ओझे वाहते ते किरणोत्सर्गाने दोन तोंडे फुटलेले गुरू. खेळकर्त्यांनी त्याला ‘ब्राह्मिन’ असे नाव दिले आहे. या नावाचा आपल्या देशाशी थेट संबंध आला. ऑक्टोबर २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या यंत्रावरील ‘फॉलआउट ३’ भारतात प्रकाशित न करण्याचे जाहीर केले. त्यात येथील सांस्कृतिक संवेदनशीलतेचा उल्लेख होता. कशामुळे, ते स्पष्ट केले नव्हते. या दुतोंडी गुरामुळेच, असा तर्क त्या वेळी पुष्कळांनी केला.

दुसऱ्या भागात मात्र चालू स्थितीत आणता येईल अशी एक मोटार आहे. ‘डेन’ नावाच्या गावात स्मिटी हा कारागीर ‘हायवेमन’ जातीची एक मोटार सांभाळून बसलेला असतो. इंजिनाचा एक नियंत्रक भाग नसल्यामुळे ती हलत नाही. तो भाग दूरच्या ‘गेको’ या वस्तीत मिळतो. तो आणून दिला आणि पैसे मोजले, म्हणजे गाडी सुरू होते. नकाशावरचे अंतर झपाट्याने कापले जाते, डिकीत सामान राहते. पुढे ‘न्यू रीनो’ या जुगारी शहरात गाडी उभी करून आपण आत गेलो, की ती चोरीला जाते. त्या वेळी आपल्याला काय वाटते, हे स्कूटर चोरीला गेलेल्या कोणालाही सांगावयास नको.

येथे एक गमतीची तांत्रिक बाब. ‘फॉलआउट ३’ च्या २००९ मधील पुरवणीत भुयारी रेल्वेचा एक डबा धावताना दाखवायचा होता. खेळाच्या मूळ प्रणालीत चालत्या वाहनाची सोयच नव्हती. तेव्हा निर्मात्यांनी तो डबा पात्राच्या अंगावर चढवावयाचा एक पोशाख म्हणून बनवला. दिसायला आगगाडी धावते. वास्तवात डबा अंगात घातलेला माणूस पळत असतो. आपल्या कितीतरी व्यवस्था बाहेरून गाडीसारख्या दिसतात, आणि आत कोणीतरी एक माणूस धावत असतो, असे मला तेव्हा वाटून गेले.

चुकीच्या पत्त्यावर गेलेली पेटी

आता त्या पंपाकडे येतो. पहिल्या भागाचा नायक ‘व्हॉल्ट १३’ चा रहिवासी. तेथील पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची चिप निकामी होते. बदली चिप नाही. एकशेपन्नास दिवसांत दुसरी आणली नाही, तर सर्व माणसे तहानेने मरतील. एकाला बाहेर पाठवतात. हबच्या व्यापाऱ्यांना पैसे देऊन पाण्याचा तांडा पाठवण्याची सोय केली, तर शंभर दिवस वाढवून मिळतात. परंतु तांड्यांच्या ये-जा करण्यामुळे आपल्या गुप्त वस्तीचा माग शत्रूला लवकर लागतो. तात्पुरत्या मदतीचीही किंमत असते, हे निर्मात्यांनी विसरू दिलेले नाही.

चिप सापडते ती ‘नेक्रोपोलिस’ या मृतनगरीत. तेथे किरणोत्सर्गाने कातडी झडलेली, तरीही जिवंत राहिलेली माणसे राहतात. त्यांच्या पाण्याचा आधार तीच चिप. ती उचलून नेली, तर आपले गाव वाचते आणि त्यांचे मरते. तिसरा मार्ग एकच. गटारात पडलेले सुटे भाग गोळा करायचे, आपल्या पात्राला दुरुस्तीची कला पुरेशी अवगत असली पाहिजे, आणि जुना पंप चालू करून द्यायचा. मग चिप नेली तरी कोणी मरत नाही. बंदूक कितीही चांगली चालवता येत असली, तरी येथे तिचा उपयोग नाही. माझा मुलगा रात्री एक वाजता करत होता ते हेच.

बदली चिप का नव्हती, याचे उत्तर दुसऱ्या भागात मिळते. ‘व्हॉल्ट ८’ च्या गोदामात त्या चिपांची पेटी पडून असते. युद्धापूर्वी माल पाठवताना घोटाळा झाला. तेराला पाठवायच्या चिपा आठला गेल्या आणि आठला मिळावयाचे वसाहत उभारणीचे दुसरे साहित्य तेराकडे आले. कोणाच्या तरी हमालीतील वा कारकुनीतील एक चूक पिढ्यांनंतर शेकडो जिवांवर बेतते.

आपण लसी हाताळणारे लोक. दोन ते आठ अंश तापमानात कारखान्यापासून बाळाच्या मांडीपर्यंत लस पोहोचवणे, याला आपण शीतसाखळी म्हणतो. लस उत्तम, डॉक्टर निष्णात. पण मध्ये एका ठिकाणी बर्फ वितळला की टोचले जाते ते नुसते पाणी. शास्त्र आणि वाहतूक यांचे नाते बालरोगतज्ज्ञाला वेगळे शिकवावे लागत नाही.

विद्या कोणाच्या हाती?

या जगात जुन्या विद्येचे वारसदार अनेक आहेत. त्यांच्यातील फरक विचार करण्याजोगा आहे.

पहिला ‘ब्रदरहूड ऑफ स्टील’ हा पंथ. सैन्यातून फुटून निघालेल्या कॅप्टन रॉजर मॅक्सन याने तो स्थापन केला. पुढे तो मध्ययुगीन लढवय्या संघासारखा झाला. त्यात सरदार आहेत, लेखनिक आहेत, आचारसंहिता आहे. जुने तंत्रज्ञान शोधावे, जपावे आणि सामान्य माणसाच्या हाती पडू देऊ नये, असा त्यांचा बाणा. मानवजातीने एकदा जग जाळले, पुन्हा जाळील, हे त्यांचे कारण. कारण खोटे नाही. परंतु ‘न्यू व्हेगास’ मध्ये हेच लोक एका बंकरात कोंडून बसलेले दिसतात. बाहेरच्यांना संघात घ्यायचे नाही, म्हणून संख्या घटत चालली आहे. यंत्रे शाबूत आहेत. ती पुढे वापरणार कोण, हा प्रश्न आहे.

दुसरा ‘फॉलोअर्स ऑफ द अपोकॅलिप्स’ हा संघ. लॉस एंजेलिसच्या अवशेषांतील एका ग्रंथालयात तो सुरू होतो. ही मंडळी शिकवतात आणि औषधोपचार करतात. ‘न्यू व्हेगास’ मध्ये लास व्हेगासच्या जुन्या मॉर्मन किल्ल्यात ते दवाखाना चालवतात. १८५५ साली बांधलेल्या या किल्ल्याचे अवशेष प्रत्यक्षातही आहेत. दवाखान्यात रुग्णांची रीघ, औषधांचा तुटवडा, डॉक्टर थकलेले. सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून काम केलेल्या कोणालाही हे दृश्य ओळखीचे वाटेल. परंतु खेळ या संघालाही मोकळे सोडत नाही. खेळातील सर्वांत क्रूर हुकूमशहा, जो स्वतःला सीझर म्हणवतो, तो मूळचा याच संघाचा. शिकवण्यासाठी गेलेल्या या माणसाने टोळ्यांना बंदुकांची निगा आणि युद्धशास्त्र शिकवले आणि त्यांच्या बळावर साम्राज्य उभारले. विद्या सर्वांना खुली करणाऱ्यांचेही हात पूर्ण स्वच्छ राहत नाहीत.

तिसरा प्रकार अधिक परिचित आहे. ‘हेलिओस वन’ या सौरऊर्जा केंद्रावर लष्कराने फँटॅस्टिक नावाच्या एका इसमाला प्रमुख नेमले आहे. त्याला पदार्थविज्ञानातले ओ की ठो कळत नाही. शब्दांची फिरवाफिरव करून त्याने नोकरी मिळवली आहे. खरा जाणकार त्याच केंद्रात शेजारी मुकाट्याने काम करतो. या प्रसंगावर माझा मुलगा खो खो हसला. मला मात्र आपल्या क्षेत्रातील काही पाट्या आठवल्या.

आणखी एक उदाहरण नोंदवतो. नेलिस या हवाई तळावर ‘बूमर्स’ नावाची जमात राहते. त्यांच्या मुलांना भिंतीवरील चित्रमालिकेतून जमातीचा इतिहास सांगितला जातो आणि तरुण मंडळी यांत्रिक सरावकक्षात विमान उडवण्याचा सराव करतात. प्रत्यक्ष विमान त्यांच्यापैकी कोणीही उडवलेले नाही. लेक मीड जलाशयाच्या तळाशी पडलेले एक जुने बी-२९ विमान वर काढणे, हे त्यांचे पिढीजात स्वप्न. त्या जलाशयात १९४८ मध्ये खरोखरच एक बी-२९ कोसळले होते. खेळात ते वर काढले जाते आणि अखेरच्या लढाईत हूव्हर धरणावरून उडते. विमान हाती नसतानाही या लोकांनी सराव सोडला नाही, ही त्यातील लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट.

मुलांचे गाव

तिसऱ्या भागात ‘लिटल लॅम्पलाइट’ नावाची वस्ती आहे, ती मला फार दिवस सोडत नव्हती. युद्धाच्या दिवशी शाळेच्या सहलीला आलेली मुले एका गुहेत अडकली आणि जगली. तेव्हापासून त्या गुहेत फक्त मुले राहतात. सोळावे वर्ष लागले की बाहेर जायचे, असा नियम. महापौर मूल, स्वयंपाकी मूल, शिक्षक मूल आणि वैद्यही एक मुलगीच. तिचे नाव लूसी.

वास्तवाच्या दृष्टीने यात अनेक शंका घेता येतील. पण बालरोगतज्ज्ञाच्या मनात आधी आली ती वेगळीच. ज्या वयात हातात कौशल्य येऊ लागते, त्याच वयात या गावातून निघून जावे लागते. लूसीने जे शिकले, ते सोळाव्या वाढदिवसापूर्वी तिच्याहून धाकट्या कोणाला तरी द्यावेच लागणार. नाही दिले, तर त्या दिवसापासून गावात वैद्य नाही. आपल्याकडे निवृत्तीचे वय थोडे उशिरा येते, एवढाच फरक.

आपल्या शास्त्रातील एक विसरलेली गोष्ट

हे सर्व कल्पनेतले आहे, असे कोणी म्हणेल. म्हणून वैद्यकाच्या इतिहासातील एक प्रसंग येथे सांगतो.

१७४७ मध्ये जेम्स लिंड या नौदलातील शल्यवैद्याने स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले. संत्री आणि लिंबे मिळालेले दोघे झपाट्याने सुधारले. १७९५ मध्ये ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सर्रास देण्यास सुरुवात केली आणि स्कर्व्ही ओसरली. उपाय सापडला होता. पण तो का लागू पडतो, हे कोणाला ठाऊक नव्हते. १८६० च्या दशकात भूमध्यसागरी लिंबाच्या जागी वेस्ट इंडीजमधील आंबट लहान लिंबाचा रस आला. त्यात मूळचेच क जीवनसत्त्व कमी, आणि तांब्याच्या नळ्यांतून व उघड्यावर हाताळण्यात होते तेही नासे. तो रस जवळजवळ निरुपयोगी होता.

मग स्कर्व्ही लगेच का उफाळली नाही? कारण तोवर वाफेची जहाजे आली होती. प्रवास महिन्यांऐवजी आठवड्यांचा झाला होता. रोग होण्याइतका काळ खलाशी ताज्या अन्नावाचून राहतच नव्हता. वाहतूक सुधारली आणि तिच्या आडोशाला विद्या नासली, ती कोणाच्या ध्यानातही आली नाही. १८७५-७६ च्या ब्रिटिश ध्रुवीय मोहिमेत लोक पुन्हा स्कर्व्हीने आजारी पडले, तेव्हा लिंबावरचाच विश्वास उडाला. नासक्या मांसातील विषाने रोग होतो, अशा कल्पना बोकाळल्या. त्याच सुमारास सुखवस्तू घरांतील तान्ह्या मुलांत, उकळलेल्या दुधावर आणि डब्यातील आहारावर वाढणाऱ्यांत, हाच रोग दिसू लागला. १८८३ मध्ये थॉमस बार्लो यांनी ती स्कर्व्हीच असल्याचे दाखवून दिले. गिनीपिगांवरील होल्स्ट व फ्रोलिक यांच्या प्रयोगांनी १९०७ मध्ये कोडे सुटण्याची वाट मोकळी झाली. दीडशे वर्षांपूर्वी हाती असलेली गोष्ट पुन्हा शोधावी लागली. मधल्या काळात जग बेचिराख झाले नव्हते. उलट प्रगतीच चालली होती.

अनंत चतुर्दशीची रात्र

आता मुख्य गोष्ट. काही वर्षांपूर्वी अनंत चतुर्दशीला रात्री साडेनऊच्या सुमारास तीन दिवसांचे एक बाळ आमच्याकडे आले. कावीळ पायाच्या तळव्यांपर्यंत, बिलिरुबिन २७, बाळ मलूल, दूध ओढत नव्हते. आई आरएच निगेटिव्ह, दुसरे बाळंतपण. पहिल्या वेळी अँटी-डीचे इंजेक्शन कोणी दिलेले नव्हते. प्रकाशोपचार सुरू केला, पण रक्त बदलणे अटळ होते.

माझी तरुण सहकारी अत्यंत कुशल. कृत्रिम श्वसनयंत्राच्या बाबतीत मीच तिला विचारतो. पण रक्तबदल तिने कधी केलेला नव्हता, पाहिलेलाही नव्हता. प्रकाशोपचाराची उत्तम साधने आणि अँटी-डी आल्यामुळे ही वेळ आता क्वचितच येते. १९९० च्या दशकात निवासी डॉक्टर असताना मी जवळपास दर आठवड्याला हे करत असे. त्या रात्री शेवटचा रक्तबदल केल्याला मला नऊ वर्षे होऊन गेली होती. “सर, तुम्ही सांगा, मी करते,” ती म्हणाली. मी सांगू लागलो, आणि तिसऱ्याच वाक्याला अडखळलो. पुस्तक उघडता आले. परंतु पुस्तकात हाताचा वेग नसतो.

मदतीला आल्या आमच्या थोरल्या सिस्टर. त्यांनी भिंतीवरच्या फळ्यावर खडूने तीन रकाने आखले: काढले, दिले, बेरीज. “सर, आधी काढायचं, मग द्यायचं. आवाकडे मी मोजते,” त्या म्हणाल्या. त्या रकान्यांकडे पाहिल्यावर माझ्या बोटांना सर्व आठवले.

रक्त मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला होते, आणि रस्त्यावर झाँकी निघालेल्या. इंदूरची ती रात्र आपण सर्व जाणतो. राजवाड्याकडचे रस्ते माणसांनी भरलेले, गाड्यांना बंदी. रुग्णवाहिका अर्ध्या वाटेवर अडकली. मोबाइलवरचा नकाशा बंद रस्त्यानेच जा म्हणत होता. शेवटी आमचा एक वॉर्डबॉय बर्फाची पेटी घेऊन दुचाकीवर निघाला. लहानपणी तो त्याच भागात घरोघर दूध घालत असे. कोणती गल्ली कोठे फुटते, हे त्याला पाठ होते. पेटी पावणेबाराला पोहोचली.

दहा-दहा मिलिलिटर करत साडेचारशे मिलिलिटर रक्त बदलावयास दोन तास लागले. ते मूल आता शाळेत जाते. श्रवणचाचणी निर्दोष आली तेव्हा मी निःश्वास टाकला. परंतु त्या रात्री घरी परतताना मनात समाधानापेक्षा भीती अधिक होती. आमच्याकडे अद्ययावत यंत्रे होती, रुग्णवाहिका होती, नकाशा होता. बाळ वाचले ते निवृत्तीला आलेल्या एका सिस्टरच्या फळ्यामुळे आणि एका वॉर्डबॉयच्या बालपणामुळे. त्यांपैकी कोणीही त्या दिवशी रजेवर असू शकले असते. डबा अंगात घातलेली माणसेच धावत होती.

समारोप

मुलाच्या खेळातील तो पंप पाहताना मला ही रात्र आठवली, आणि मग आम्ही एक लहानशी गोष्ट सुरू केली. दर सहा महिन्यांनी, प्रसूतीनंतर टाकून दिल्या जाणाऱ्या नाळेच्या तुकड्यावर आमचे तरुण डॉक्टर नळी घालण्याचा आणि रक्तबदलाच्या क्रमाचा सराव करतात. फळ्यावर रकाने नवीन सिस्टर आखतात. थोरल्या सिस्टर निवृत्त झाल्या आहेत, पण त्या दिवशी आवर्जून येतात. वॉर्डबॉय मंडळी रक्तपेढीपर्यंतच्या तीन पर्यायी वाटा स्वतः जाऊन पाहून ठेवतात. खर्च चहा-पोह्यांपुरता.

आपल्या मंडळात सत्तरी ओलांडलेले अनेक शल्यवैद्य, भूलतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ आहेत. यंत्राविना त्यांच्या हाताला जे येते, ते आज क्वचितच लागते. म्हणूनच ते कोणी शिकवत नाही. वर्षातली एक संध्याकाळ भाषणांऐवजी केवळ अशा हस्तकौशल्यांसाठी राखून ठेवावी, अशी माझी नम्र सूचना आहे.

आणि पालकांसाठी दोन शब्द. ‘फॉलआउट’ मालिकेतील खेळ हिंसक आहेत. अमेरिकन मानांकनानुसार त्यांचे प्रमुख भाग सतरा वर्षांखालील मुलांसाठी नाहीत. ते त्यांच्या हाती देऊ नयेत. खेळावरचा ताबा सुटणे, अभ्यास, झोप आणि माणसे यांपेक्षा खेळ मोठा होणे, हे लक्षण वर्षभर टिकले तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात त्याला विकार म्हटले आहे. अशा वेळी संकोच न करता सल्ला घ्यावा. परंतु मोठा झालेला मुलगा रात्री जागून काही खेळत असेल, तर रागावण्यापूर्वी एकदा शेजारी खुर्ची ओढून बसावे आणि काय चालले आहे, ते विचारावे. कदाचित तो पंप दुरुस्त करत असेल.